फटाक्याचा पत्ता

चालत्या मोटारीतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला की आपल्याकडची माणसे तीन गोष्टी ठरलेल्या क्रमाने करतात. आधी दचकतात, मग हसतात आणि शेवटी सल्ला देतात. आवाज नेमका कुठून आला, हे मात्र कुणी विचारत नाही. इंजिनाच्या तोंडातून आला, की मागे सायलेन्सरमधून? गाडी चढाला लागली तेव्हा आला, की उतारावर पाय सोडला तेव्हा? सकाळी इंजिन थंड असताना, की दुपारी तापल्यावर? डॉक्टर रोग्याला विचारतो तसलेच हे साधे प्रश्न आहेत. पण आपला कल एक तर थेट औषधाकडे, नाहीतर थेट तिरडीकडे!

रेणापूर हे लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. बाहेरच्या लोकांना ते रेणुकादेवीमुळे ठाऊक असते. नवरात्रात इथे गाड्यांची रीघ लागते आणि त्यांत चकचकीत नव्या गाड्यांच्या रांगेत पंचवीस-तीस वर्षांची एखादी म्हातारी गाडीही अंग चोरून उभी असते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून फाट्याकडच्या एका गॅरेजसमोरच्या बाकड्यावर माझ्या बऱ्याच संध्याकाळी जातात. कादंबरी लिहिणाऱ्याला माणसे लागतात, आणि माणसे गॅरेजात जितके खरे बोलतात तितके देवळातही बोलत नाहीत. बँकेत तर नाहीच नाही.

या बाकड्यावर अलीकडे दोन पक्ष पडले आहेत. पहिला भंगारपक्ष. याचे म्हणणे असे की गाडीला पंधरा वर्षे झाली म्हणजे तिचे आयुष्य संपले. ती फटाके फोडायला लागली ही देवाघरची नोटीस समजावी आणि किलोच्या भावाने विकून मोकळे व्हावे. दुसरा इथेनॉलपक्ष. याच्या मते गाडी उत्तम आहे, सगळा दोष पंपावरच्या पेट्रोलचा आहे. गाडी शिंकली, इथेनॉल. गाडी थांबली, इथेनॉल. उद्या टायर पंक्चर झाला तरी हे इथेनॉलचेच नाव घेतील. या दोन पक्षांचे एरवी पटत नाही, पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: बॉनेट उघडायची गरज नाही.

मला वाटते, नेमके इथेच आपले चुकते, आणि ते मोटारीपुरते राहत नाही. निदान न करता दिलेला निवाडा एखादे वेळी खरा निघतो. पण खरा निघाला म्हणून तो निवाडा ठरत नाही, तो नुसता लागलेला नेम असतो. आणि नेम चुकला की पैसे जातात ते घरच्यांचे. म्हणून आज या फटाक्याचा पत्ता कसा शोधायचा ते जरा सविस्तर सांगावे म्हणतो. ज्यांच्या दारात गाडी नाही त्यांनीही वाचावे, कारण पत्ता शोधण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे.

इंजिनाचे काम चार पायऱ्यांचे. पहिल्या पायरीला पिस्टन खाली येतो आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढून घेतो. दुसऱ्या पायरीला वर जाऊन ते दाबतो. मग प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. गाडी चालते ती या तिसऱ्या पायरीच्या जोरावर. चौथ्या पायरीला जळलेला वायू बाहेर फेकला जातो. जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ साली असे इंजिन चालवून दाखवले, आणि पेट्रोलच्या गाड्यांत आजही तोच क्रम आहे. सिलिंडरला आत येण्याचा एक दरवाजा आणि बाहेर जाण्याचा एक दरवाजा असतो. त्यांनाच व्हाल्व्ह म्हणायचे. जाळ व्हायचा तो दोन्ही दरवाजे घट्ट मिटलेले असताना.

आता जाळाच्या वेळी आत येण्याचा दरवाजा उघडा राहिला, किंवा तो उघडेपर्यंत आतला जाळ विझलाच नाही, तर आग आल्या वाटेने उलटी फिरते आणि कार्बोरेटरच्या तोंडातून ‘फट्’ करून बाहेर पडते. दुसऱ्या प्रकारात पेट्रोल आत जळतच नाही, तसेच बाहेरच्या दरवाजाने निसटते आणि पुढे तापलेल्या नळीत पेटते. तो सायलेन्सरमधला मोठा बार. आपण दोघांनाही ‘बॅकफायर’ म्हणतो. पण एक घराच्या पुढच्या दारात झालेला तंटा आहे आणि दुसरा परसदारी. पंचाने निदान दार तरी पाहून घ्यावे.

आमच्या फाट्यावरचे उस्ताद पहिल्या आवाजाला ‘शिंक’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘फटाका’. मराठवाड्यात जुन्या मिस्त्रीला उस्ताद म्हणण्याची चाल आहे. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि निजाम संस्थानात रेल्वेखात्याने १९३२ सालीच बसगाड्या सुरू केल्या होत्या. गॅरेजातली उस्ताद आणि शागीर्द ही भाषा आपल्याकडे जुनी आहे. आमचे उस्ताद शाळेत फार गेलेले नाहीत. पण त्यांचा एक नियम मला बँकेच्या कितीतरी परिपत्रकांपेक्षा शहाणा वाटतो: ‘एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कोणती बिघडली होती ते देवालाबी कळत न्हाई.’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींची १९८९ सालची गाडी शिंकायला लागली. चार सिलिंडर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट. सगळी जुनी घडण. घरच्यांचे मत पडले, विका. भाच्याचे मत पडले, इथेनॉल. लातुरातल्या एका गॅरेजात नेली तर तिथे सांगितले की कार्बोरेटर नवा टाका. त्याची किंमत ऐकून गुरुजी गाडी तशीच शिंकत-शिंकत परत घेऊन आले. उस्तादांनी बॉनेटला हात लावला नाही. चहा मागवला आणि विचारले, ‘गुरुजी, कवा शिंकायली? चढाला का सपाटीला?’

‘चढाला. आणि सकाळी जास्त.’

‘रोज सकाळी?’

गुरुजी थांबले. म्हणाले, ‘नाही हो. पाऊस पडून गेला असेल त्या सकाळी.’

माझ्या मते निम्मे निदान या एका वाक्यात झाले होते. गुरुजींना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण त्यांना ते कुणी विचारले नव्हते.

मग उस्तादांनी पहिली परीक्षा घेतली ती चोकची. चोक ओढला की कार्बोरेटरमधली हवा कमी होते आणि पेट्रोलचे प्रमाण वाढते. मिश्रण जर पातळ असेल, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे असेल, तर ते संथ जळते आणि शिंक येते. अशा वेळी चोक थोडा ओढला की शिंक कमी झाली पाहिजे. गुरुजींच्या गाडीत चोक अर्धा ओढूनही काही फरक पडला नाही. भाचा तिथेच उभा होता. त्याचा इथेनॉलचा खटला पहिल्याच तारखेला ढिला पडला. मिश्रण पातळ नाही, तर कार्बोरेटर बदलण्याची घाई कशाला?

मग ठिणगीची बाजू. प्लगच्या वायरी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ठरलेल्या क्रमाने बसवाव्या लागतात. चार सिलिंडरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत हा क्रम १-३-४-२ असा असतो. कुणी हौशीने प्लग साफ करताना दोन वायरींची अदलाबदल केली की गाडी शिंका आणि फटाके दोन्ही देते. गुरुजींच्या वायरी जागेवर होत्या. मग उस्तादांनी अंधार पडण्याची वाट पाहिली. दिवे मालवून इंजिन चालू ठेवले, टोपीवर आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला, आणि शागिर्दाला म्हणाले, ‘हात मागं घे आन् नुसतं बघ.’ टोपीच्या अंगावर दोन खुंट्यांच्या मध्ये निळसर रेघ लुकलुकत होती.

टोपीला केसाएवढी चीर गेली होती आणि चिरेत काजळी धरली होती. दमट हवेत ठिणगी त्या काजळीवरून शेजारच्या खुंटीकडे उडी मारत होती. त्या शेजारच्या सिलिंडरमध्ये अजून पुरते मिश्रणही भरलेले नाही, आत येण्याचा दरवाजा अजून मिटायचा आहे, आणि अवेळी ठिणगी पडते! शिंक येणार नाही तर काय? टोपी बदलली. पॉइंटची फट मोजली तर ती जवळजवळ मिटत आली होती, ती अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास नीट लावली. शिंक थांबली.

पण फटाका राहिला. उतारावर पाय सोडला की मागे ‘फाट्’. ‘ह्येचा पत्ता निराळा हाय,’ उस्ताद म्हणाले. पाय सोडल्यावर थोडे पेट्रोल न जळता बाहेर पडतेच. एरवी ते गुमान निघून जाते. पण नळीच्या जोडावरचे गॅस्केट फाटले असेल तर तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि त्या पेट्रोलला पेटायला जे हवे ते मिळते. गुरुजींच्या गाडीत जोड काळा पडला होता. गॅस्केट बदलले, बोल्ट आवळले. टोपी, गॅस्केट आणि मजुरी मिळून खर्च आला तो घरच्या चार माणसांनी लातुरात हॉटेलात जेवावे एवढा.

आता क्रमाचे सांगतो. आधी आवाजाची जागा आणि वेळ. मग जे फुकट पाहता येते ते: वायरींचा क्रम, टोपीची चीर, ढिल्या झालेल्या रबरी नळ्या. त्यानंतर प्लग. प्लगचे टोक पिकल्या बोरासारखे तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ. काजळी धरलेले असेल तर पेट्रोल जास्त. ओले असेल तर त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही. मग पॉइंट. पॉइंटला एक छोटी टाच असते, ती फिरत्या दांड्यावर घासत झिजते. टाच झिजली की फट कमी होते, आणि फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. हे इतके सावकाश होते की गाडी हाकणाऱ्याला कळतच नाही. गाडी आळशी झाली एवढेच तो म्हणतो. पॉइंटनंतर टायमिंग. टायमिंगनंतर हवेची गळती: कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या गॅस्केटवर साबणाचे पाणी सोडावे, आवाज बदलला तर गळती तिथेच. मग पेट्रोलचा रस्ता: फिल्टर, पंपाचा पडदा, टाकीतला गंज, बारीक जेटमधला कचरा. आणि सगळ्यात शेवटी, हात काळे करून, व्हाल्व्ह. स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत. एवढा क्रम पाळला तर कितीतरी गाड्यांचा पत्ता हेड न उघडता सापडतो.

इथे एक इशारा देणे भाग आहे. शिंक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडातून येणारी खरीखुरी ज्वाला असते. वर एअर फिल्टर बसवलेला असतो तेव्हा तो तिला अडवतो. पण गाडी चालू होत नाही म्हणून फिल्टर काढायचा, बाटलीने तोंडात पेट्रोल ओतायचे आणि दुसऱ्याला किल्ली मारायला सांगायचे, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. ओतणाऱ्याचा हात आणि चेहरा बरोबर ज्वालेच्या वाटेत असतो. हे करू नये, मुलांना करू देऊ नये, आणि मिस्त्री करत असेल तर त्यालाही थांबवावे. दुसरी वाईट सवय उतारावर किल्ली बंद करण्याची. पेट्रोल वाचते असे वाटते, पण इंजिन फिरतच असते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठत जाते. खाली आल्यावर किल्ली लावली की एका बारात सायलेन्सर उसवतो. वाचवलेले चार आणे असे रुपया होऊन निघून जातात.

आता इथेनॉलपक्षाला न्याय दिला पाहिजे, कारण त्यांचे सगळेच खोटे नाही. महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायला २००३ साली सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि २०२५ पर्यंत पंपावरचे सर्वसाधारण पेट्रोल वीस टक्क्यांचे झाले. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला नऊच किलो पुरते. म्हणजे वीस टक्क्यांच्या मिश्रणाला लिटरमागे सुमारे सात टक्के हवा कमी लागते. नव्या गाडीतला संगणक हे ओळखतो आणि पेट्रोल थोडे वाढवतो. जुन्या कार्बोरेटरचे जेट म्हणजे पितळेत पाडलेले एक भोक. त्याला बिचाऱ्याला पंपावर काय बदलले याची वार्ता नसते. ते पूर्वीइतकेच पेट्रोल देते, मिश्रण आपोआप पातळ होते आणि आधीच काठावर असलेली गाडी शिंकू लागते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते, जुन्या टाकीतला चिकटा सुटा करून फिल्टरमध्ये आणून टाकते आणि जुन्या जातीच्या रबराला फुगवते. दीर्घकाळ वापरानंतर काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हा आता जेट थोडा मोठा करून घेणे, नळ्या बदलणे आणि फिल्टरवर नजर ठेवणे हे आपल्यालाच करायचे आहे.

पण मी ज्या तालुक्यात राहतो तिथे निवाड्याला रेणा सहकारी साखर कारखाना आहे आणि शिवारात ऊस आहे. इथेनॉलचा पैसा साखर कारखानदारीत आला तर त्यातला काही उसाच्या बिलात उतरतो, हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. ज्या घरात ऊस आहे त्याच घरात जुनी गाडीही आहे. एका खिशात आले आणि दुसऱ्यातून गेले. म्हणूनच मी म्हणतो की इथेनॉलला शिव्या देण्याआधी चोक ओढून पाहा. शिंक कमी झाली तर आरोप खरा, आणि उपाय जेटमध्ये. नाही झाली तर आरोपी दुसरा आहे, आणि तुम्ही शिव्या देत बसलात तोवर तो मोकळाच फिरतो आहे.

भंगारपक्षाचेही ऐकू. गाड्यांना वय असते हे मला मान्य आहे. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती गाडी टॅक्सी म्हणून संपली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या कंपनीची ती गाडी. तिच्यातून कित्येकांनी पहिल्यांदा मुंबई पाहिली. वाईट वाटले, पण सार्वजनिक वाहनाला वयाची अट असावी यात गैर काही नाही. खाजगी गाडीचा कायदा मात्र वेगळा आहे. पंधरा वर्षांनी गाडी तपासायची आणि धडधाकट असेल तर पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवायची. २०२१ च्या भंगार धोरणातही खाजगी गाड्यांसाठी भर आहे तो तपासणीवर. वीस वर्षांवरच्या मोटारींचे नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजारांवर नेले, तेही एक वेळ समजू शकते. म्हणजे कायदाही म्हणतो, आधी पाहा. घाई आहे ती आपल्याला.

आणि एक स्पष्ट सांगतो. फटाके फोडणारी गाडी तशीच दामटत राहणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. ती न जळलेले पेट्रोल रस्त्यावर ओकते, आणि ते शाळेतून घरी निघालेल्या मुलांच्या नाकात जाते. जुन्या गाडीवरचे प्रेम धूर सोडण्याचा परवाना देत नाही. तपासून दुरुस्त होत असेल तर दुरुस्त करावी. नसेल होत, तर मान राखून निरोप द्यावा. मात्र तपासल्यानंतर.

बँकेत मी बराच काळ आजारी खात्यांच्या टेबलावर काढला. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२ पासून खाते थकीत केव्हा म्हणायचे याचे काटेकोर नियम आले, आणि मार्च २००४ पासून ती मुदत नव्वद दिवसांवर आली. नियम आवश्यकच होता, त्याशिवाय ताळेबंद खरा झाला नसता. पण नव्वद दिवस हे दुखण्याचे वय झाले, दुखणे नव्हे. ते कळायला दुकानात, शेतात, गिरणीत जावे लागे. एकाचा हप्ता थकला कारण धंदा बुडाला. दुसऱ्याचा थकला कारण त्याचे सरकारी बिल अडकले होते. कागदावर दोघे सारखेच.

तिथे आणखी एक शिकलो, ते गॅरेजच्या बाकड्यावर पुन्हा ऐकायला मिळाले. व्हाल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांत बारीक फट ठेवतात. ती वाढली की टॅपेट टकटक वाजतो आणि मालक घाबरून धावत येतो. ती मिटली की आवाज बंद होतो आणि मालक खूश होतो. पण आता व्हाल्व्ह पुरता मिटत नाही. जाळ त्याच्या कडेने निसटतो, कड जळते आणि मग एक दिवस शिंका सुरू होतात. २००० साली देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले, ते आरोग्यासाठी फार चांगले झाले. पण जुन्या मऊ घडणीच्या हेडमध्ये शिसे व्हाल्व्हच्या बैठकीला थोडे जपत असे. ते गेल्यावर बैठक झिजते, व्हाल्व्ह वर सरकतो आणि फट गुपचूप मिटत जाते. उस्ताद म्हणतात, ‘वाजणारा टॅपेट बरा, गप झालेला वाईट.’ बँकेतही तसेच होते. दर महिन्याला येऊन भांडणारा कर्जदार परवडतो. जो अचानक यायचा बंद होतो, त्याच्या घरी आधी जावे.

आता खरी काळजीची गोष्ट. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, ॲम्बॅसेडरचेही त्याच वर्षी. कार्बोरेटरच्या गाड्या तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाल्या होत्या. आवाज ऐकून पत्ता सांगणारे उस्ताद आता साठी-सत्तरीचे आहेत. त्यांचे शागीर्द हुशार आहेत, पण त्यांच्या हातात स्कॅनर आहे. तो तारेने जोडायचा आणि पडद्यावरचा आकडा वाचायचा. नव्या गाडीला ते हवेच. तरी स्कॅनरही सांगतो ते लक्षण: अमुक सिलिंडर मिस होतो आहे. का होतो आहे ते माणसालाच शोधावे लागते, आणि ते न शोधता आकडा दिसला की सुटा भाग बदलला, अशी रीत पडते आहे. गिऱ्हाइकालाही बदललेला भाग दिसतो, केलेला विचार दिसत नाही. म्हणून भागाचे बिल तो मुकाट देतो आणि तपासणीच्या दोनशे रुपयांवर घासाघीस करतो. उस्तादांची विद्या बुडते आहे ती अशी.

यावर मला तीन गोष्टी सुचतात, तिन्ही आपल्या आवाक्यातल्या. मोटार मेकॅनिकचा वर्ग चालवणाऱ्या आयटीआयनी एक जुने कार्बोरेटरचे इंजिन जपून ठेवावे आणि वर्षातून चार दिवस गावातल्या उस्तादाला मानधन देऊन बोलवावे. मुलांनी डोळे मिटून आवाज ऐकावा आणि आधी पत्ता सांगावा, मगच पाना उचलावा. दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची: तपासणीची मजुरी वेगळी आणि आनंदाने द्यावी, भाग बदलला नाही तरीही द्यावी. तिसरी गोष्ट घरची. गाडीच्या डॅशबोर्डात चाळीस पानी वही ठेवावी. आवाज केव्हा आला, कुठून आला, हवा कशी होती, पेट्रोल कधी भरले, काय बदलले, आणि त्याने काय फरक पडला. दोन ओळी पुरतात. गुरुजींनी आता अशी वही केली आहे आणि तिच्यावर शाळेच्या हजेरीपटासारख्या तांबड्या रेघा मारल्या आहेत.

जुनी वस्तू आवाज करते तेव्हा ती आपल्याला काहीतरी कळवत असते. गाडीचेच काय, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचेही तसेच. त्याच्या तक्रारीला आपण ‘वय झाले’ म्हणतो नाहीतर ‘हवा बदलली’ म्हणतो, आणि कामाला लागतो. दोन्ही कारणे खरी असू शकतात. पण त्याआधी जवळ बसून एवढे विचारायला काय हरकत आहे: कुठे दुखते? केव्हापासून? आणि पाऊस पडून गेला की जास्त दुखते का?